तुमच्या फोनला रस्ता बदलायला सांगणारा ‘रीडायरेक्ट’ काय असतो? आणि ऑपरेटिंग सिस्टीम त्यावर विश्वास का ठेवते?

कॅफेचं किंवा हॉस्टेलचं वाय-फाय जोडलं, इन्स्टाग्राम उघडलं, रील्स सुरू झाल्या. आपण केलेली मागणी त्या इमारतीतून नेमकी कोणत्या वाटेने बाहेर पडली, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. फोनला मात्र तो प्रत्येक पॅकेटमागे पडतो. ‘हे पॅकेट आता कोणाच्या हातात द्यायचं?’ हे ठरवण्याचं काम फोनची ऑपरेटिंग सिस्टीम सेकंदाला शेकडो वेळा करत असते.

हे ठरवताना तिला कधीकधी बाहेरून सल्ला मिळतो, ‘या पत्त्यासाठी माझ्याकडे येऊ नकोस, त्या दुसऱ्या दाराने जा.’ या सल्ल्याला आयसीएमपी रीडायरेक्ट म्हणतात. सल्ला खरा असेल तर वेळ वाचतो. खोटा असेल तर तुमचा डेटा अनोळखी माणसाच्या लॅपटॉपमधून जायला लागतो. सल्ला कोणाचा आहे हे पक्कं ओळखण्याची सोय मात्र या निरोपात नाही.

लिंक क्लिक केल्यावर होतं ते रीडायरेक्ट हेच का?

नाही. एखादी छोटी केलेली लिंक क्लिक केल्यावर ब्राउझर दुसऱ्याच पानावर जातो, ते वेबसाइटचं रीडायरेक्ट. ते ब्राउझर आणि वेबसाइटच्या सर्व्हरमध्ये घडतं आणि ॲड्रेस बारमध्ये तुम्हाला दिसतंही.

आपण ज्याबद्दल बोलतोय ते त्याच्या बऱ्याच खालच्या पातळीवर घडतं. यात वेबसाइट तीच राहते, तिचा पत्ताही तोच राहतो. बदलते ती तिथपर्यंत जाण्याची पहिली पायरी. स्क्रीनवर याची कुठलीच खूण दिसत नाही.

पॅकेट घराबाहेर कसं पडतं?

प्रत्येक फोन, लॅपटॉप आणि सर्व्हरमध्ये एक राउटिंग टेबल असतं. नाव भारदस्त असलं तरी घरच्या लॅपटॉपमध्ये त्यात जेमतेम दोन-चार ओळी असतात. एक ओळ सांगते की आपल्याच वाय-फायवरच्या यंत्रांशी थेट बोल. दुसरी सांगते की बाकी जगातल्या कोणत्याही पत्त्यासाठी पॅकेट डिफॉल्ट गेटवेकडे दे. डिफॉल्ट गेटवे म्हणजे बहुतेक घरांत कोपऱ्यात लुकलुकणारा तो राउटर.

एखादी सोसायटी डोळ्यांसमोर आणा. बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट मुख्य गेटवरच्या वॉचमनकडे द्यायची, असा नियम आहे. तुम्हाला गावाचा नकाशा माहीत असण्याची गरज नाही, वॉचमन कोण ते माहीत असलं की पुरे. वाय-फायला जोडताना नेटवर्कच तुमच्या फोनला सांगतं, ‘इथला वॉचमन हा.’

मग रीडायरेक्टची वेळ कधी येते?

एका छोट्या ऑफिसात दोन राउटर आहेत असं धरू. पहिला, १९२.१६८.१.१, इंटरनेटकडे जातो. दुसरा, १९२.१६८.१.२, गोदामातल्या नेटवर्ककडे जातो. तुमचा लॅपटॉप १९२.१६८.१.५० आहे आणि त्याला फक्त पहिला राउटर माहीत आहे.

आता तुम्ही गोदामातल्या १०.२०.०.७ या संगणकावरची फाइल मागितली. लॅपटॉपने नियमाप्रमाणे पॅकेट पहिल्या राउटरला दिलं. राउटरने आपलं टेबल पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की हे पॅकेट दुसऱ्या राउटरला द्यायचं आहे, आणि तो दुसरा राउटर तर लॅपटॉपच्याच नेटवर्कवर, त्याच्या शेजारीच बसला आहे. म्हणजे पॅकेट ज्या दाराने आत आलं त्याच दाराने परत बाहेर जाणार. हा हेलपाटा उगाचच झाला.

अशा वेळी राउटर दोन गोष्टी करतो. हातातलं पॅकेट तो योग्य ठिकाणी पाठवतोच, ते टाकून देत नाही. सोबत लॅपटॉपला एक छोटा निरोप धाडतो, ‘१०.२०.०.७ साठी पुढच्या वेळी थेट १९२.१६८.१.२ कडे जा.’ वॉचमनने तुमचं पार्सल घेतलं, पोचवलं आणि वर सांगितलं, ‘साहेब, सी विंगचं सामान मागच्या गेटवर दिलंत तर लवकर पोचेल.’ तसाच हा प्रकार.

लॅपटॉप ऐकतच नसेल तर? लिनक्सवर चालणारा राउटर असे निरोप एकामागून एक धाडत बसत नाही. प्रत्येक निरोपानंतर तो अंतर वाढवत नेतो, नऊ निरोप वाया गेले की गप्प बसतो आणि पॅकेट मुकाट पुढे पाठवत राहतो. मध्ये सुमारे २० सेकंद त्या यंत्राकडून काही आलं नाही, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

निरोपात नेमकं काय लिहिलेलं असतं?

हा निरोप १९८१ मध्ये ठरवला गेला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जॉन पोस्टेल यांच्या नावाने आरएफसी ७९२ हा दस्तऐवज आला आणि त्यात आयसीएमपी या भाषेचे नियम मांडले होते. नेटवर्कमधली यंत्रं अडचणी आणि सूचना एकमेकांना कळवतात ती ही भाषा. ‘पिंग’ याच भाषेत चालतं. तिच्यातला पाचवा प्रकार म्हणजे रीडायरेक्ट.

निरोपात मुख्य तीन गोष्टी असतात. हा पाचव्या प्रकारचा निरोप आहे ही खूण, नव्या गेटवेचा पत्ता, आणि ज्या पॅकेटमुळे हा सल्ला द्यावा लागला त्याचा सुरुवातीचा तुकडा, म्हणजे त्याचं आयपी शीर्षक आणि पुढचे ८ बाइट. हा तुकडा पाहून लॅपटॉपला कळतं की सल्ला आपल्या कोणत्या संभाषणाबद्दल आहे.

पासवर्ड, सही, शिक्का यातलं काहीही त्यात नाही. १९८१ मध्ये इंटरनेट विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्करी ठिकाणांपुरतं होतं. शेजारचं यंत्र खोटं बोलेल, ही शंका तेव्हाच्या रचनेत धरलेली नव्हती.

ऑपरेटिंग सिस्टीम डोळे झाकून ऐकते का?

अगदीच नाही. १९८९ मध्ये आलेल्या आरएफसी ११२२ ने काही अटी घातल्या. आजच्या लिनक्समध्ये त्या साधारण अशा तपासल्या जातात:

- सल्ला देणारा आणि त्या पत्त्यासाठी आपण सध्या वापरत असलेला गेटवे एकच आहे का? भलत्याच यंत्राने सल्ला दिला तर तो गुपचूप टाकून द्यायचा.
- सुचवलेला नवा गेटवे सध्याच्याच गेटवेचा पत्ता तर नाही ना? असेल तर सल्ल्याला अर्थ नाही.
- नवा पत्ता एका यंत्राचा नेहमीचा पत्ता आहे का? सगळ्यांना एकदम पाठवण्याचा पत्ता चालत नाही.
- तो नवा गेटवे शेजारी खरोखर हजर आहे का? त्याची ओळख पटेपर्यंत बदल लागू होत नाही.

अटी वाजवी आहेत. पण पहिली अट पुन्हा वाचा. सल्ला कोणाकडून आला, हे लॅपटॉप पॅकेटवरच्या ‘प्रेषक’ या रकान्यावरून ठरवतो. टपालाच्या पाकिटावर प्रेषकाचं नाव जसं पाठवणाराच लिहितो, तसंच इथेही आहे. त्याच वाय-फायवरचा कोणीही माणूस राउटरचं नाव टाकून निरोप पाठवू शकतो. वॉचमनचा गणवेश बाजारात मिळतो, तशातली गत.

आयपीच्या नव्या आवृत्तीत, आयपीव्ही ६ मध्ये, थोडी सुधारणा झाली. तिथे रीडायरेक्टवर ‘हॉप लिमिट’ हा आकडा बरोबर २५५ असावा लागतो. पॅकेट एकाही राउटरमधून गेलं तरी हा आकडा एकाने कमी होतो. त्यामुळे २५५ म्हणजे निरोप याच नेटवर्कवरून आला, दूरवरून नाही. पण कॅफेत शेजारच्या टेबलावर बसलेला माणूसही याच नेटवर्कवर असतो. ही परीक्षा तोही पास होतो.

सल्ला मानला तर बदल कुठे नोंदवला जातो?

इथे बरेच सिस्टीम ॲडमिनही चकतात. लिनक्समध्ये रीडायरेक्ट मानला गेला तरी मुख्य राउटिंग टेबलमध्ये नवी ओळ दिसत नाही. कर्नल त्या एका पत्त्यापुरता अपवाद नोंदवून ठेवतो. पूर्वी यासाठी वेगळा राउट कॅश होता. २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.६ मध्ये तो काढून टाकला आणि तेव्हापासून असे अपवाद मूळ मार्गालाच चिकटवून ठेवले जातात.

त्यामुळे नेहमीची यादी पाहिली तर सगळं आलबेल वाटतं. ‘या अमुक पत्त्याकडे आत्ता कसा जाशील?’ असं ‘आयपी राउट गेट’ या आज्ञेने विचारलं, तरच उत्तरात ‘रीडायरेक्टेड’ हा शब्द आणि किती सेकंद उरलेत तो आकडा दिसतो. हा अपवाद साधारण ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं टिकतो. त्यानंतर पॅकेट पुन्हा जुन्या गेटवेकडे जातं आणि गरज असेल तर नवा सल्ला येतो.

याचा गैरवापर खरोखर झाला आहे का?

नोव्हेंबर २०१४ मध्ये झिम्पेरियम या मोबाइल सुरक्षा कंपनीने ‘डबलडायरेक्ट’ नावाचा हल्ला जाहीर केला. वाय-फायवरचा हल्लेखोर राउटरच्या नावाने खोटे रीडायरेक्ट पाठवत होता. गूगल, फेसबुक, ट्विटर, हॉटमेल अशा साइट्सकडे जाणारा डेटा आपल्या यंत्रातून वळवून घेणं हा त्यामागचा हेतू होता. कंपनीने हल्ला दिसून आलेल्या ३१ देशांची यादी दिली. त्यात भारतही होता. त्या वेळच्या आयओएस ८.१.१, मॅकची योसेमिटी आवृत्ती आणि लॉलीपॉपवर चालणारा नेक्सस ५ फोन यांवर हा हल्ला चालतो, असं त्यांच्या चाचणीत आढळलं.

साधा खोटा रीडायरेक्ट एकाच बाजूचा डेटा वळवतो. तुमच्याकडून जाणारं पॅकेट हल्लेखोराकडे जातं, येणारं उत्तर मात्र राउटरकडून थेट तुमच्याकडे येतं. ‘डबलडायरेक्ट’मध्ये जाणारा आणि येणारा असा दोन्ही बाजूंचा डेटा वळवला जात होता, म्हणून ते नाव पडलं. शिवाय रीडायरेक्ट एका वेळी एका पत्त्यापुरताच असतो. त्यामुळे तुम्ही पुढे कोणत्या पत्त्यावर जाणार हे हल्लेखोराला आधी कळावं लागतं. त्यासाठी तुमच्या डीएनएस विचारणांवर, म्हणजे ‘या नावाच्या साइटचा पत्ता काय?’ या प्रश्नांवर, नजर ठेवली जाते.

हे जुनं झालं नाही का?

तसं वाटलं होतं. पण २०२३ मध्ये चीनमधल्या छिंगह्वा विद्यापीठाच्या आणि इतर संशोधकांनी आयट्रिपलईच्या सुरक्षा परिषदेत एक शोधनिबंध मांडला. बनावट हॉटस्पॉट न उभारता, त्याच वाय-फायला जोडलेल्या साध्या यंत्रावरून खोटा रीडायरेक्ट पाठवून शेजाऱ्याचा डेटा आपल्याकडे वळवता येतो, हे त्यांनी दाखवलं.

राउटर आपल्याच नावाने आलेला खोटा निरोप अडवत का नाही? कारण पॅकेट वेगाने पुढे ढकलण्यासाठी राउटरमध्ये वेगळा नेटवर्क प्रोसेसर असतो. खोटा निरोप त्याच्याच हातून परस्पर पुढे जातो, राउटरच्या सुरक्षा नियमांपर्यंत पोचतच नाही. या त्रुटीला सीव्हीई-२०२२-२५६६७ हा क्रमांक मिळाला. संशोधकांनी १० कंपन्यांचे ५५ राउटर तपासले. एकानेही खोटा निरोप अडवला नाही. प्रत्यक्ष वापरातली १२२ वाय-फाय नेटवर्क तपासली, त्यातली १०९ बळी पडू शकणारी निघाली.

यातून एक सोयीचा समज मोडतो. ‘वाय-फायला पासवर्ड आहे, मग काळजी नको,’ असं आपण म्हणतो. पण कॅफेत तो पासवर्ड भिंतीवर लावलेला असतो. हल्लेखोर रीतसर आत आलेला असतो. त्याने पाठवलेला निरोप राउटर उलगडतो, तुमच्यासाठी पुन्हा नीट कुलूपबंद करतो आणि तुमच्या हातात देतो.

एचटीटीपीएस असताना काय बिघडतं?

एचटीटीपीएसमुळे मोठा बचाव होतो. तुमचा पासवर्ड, मेसेज किंवा फोटो मधल्या माणसाला वाचता येत नाहीत. त्याने खोटी साइट पुढे केली तर ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो.

तरी तीन गोष्टी उरतात. तुम्ही कोणकोणत्या साइट्सवर जाता, हे त्याला बऱ्याच अंशी कळू शकतं. तो तुमचं एखादं ॲप बंद पाडू शकतो, म्हणजे पॅकेट घ्यायचं आणि पुढे पाठवायचंच नाही. आणि प्रमाणपत्राचा इशारा आल्यावर ‘तरीही पुढे जा’ दाबणाऱ्या माणसाला एचटीटीपीएस वाचवू शकत नाही.

मग हे सरळ बंदच का करत नाहीत?

बहुतेक ठिकाणी बंद केलं तर काहीच बिघडत नाही. घरात, कॅफेत, हॉस्टेलवर बाहेर जायचं दार एकच असतं. दुसरं दारच नसेल तर ‘त्या दाराने जा’ असं सांगणारा खरा सल्ला यायचं कारण उरत नाही. दोन राउटर असलेल्या ऑफिसातही रीडायरेक्ट बंद केल्याने काम थांबत नाही. पॅकेट एक जादा हेलपाटा घालून पोचतं इतकंच. तोही नको असेल तर ॲडमिन योग्य मार्ग हाताने लिहून ठेवू शकतो.

म्हणूनच सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटीच्या लिनक्ससाठीच्या मार्गदर्शिका रीडायरेक्ट स्वीकारणं बंद ठेवायला सांगतात, आणि यंत्र राउटरचं काम करत नसेल तर पाठवणंही. विंडोजमध्ये ‘इनेबल आयसीएमपी रीडायरेक्ट’ नावाची नोंद शून्य करून हेच करता येतं. मॅक आणि फ्रीबीएसडीमध्ये ‘ड्रॉप रीडायरेक्ट’ हा पर्याय आहे.

लिनक्समध्ये मात्र दोन खड्डे आहेत. ‘ॲक्सेप्ट रीडायरेक्ट्स’ ही सेटिंग सगळ्यांसाठी एक आणि प्रत्येक इंटरफेससाठी एक अशी दोन जागी असते. साध्या यंत्रावर, म्हणजे जे राउटरचं काम करत नाही तिथे, दोन्हींपैकी एक जरी चालू राहिली तरी सल्ला स्वीकारला जातो. ‘सगळ्यांसाठी’ची ओळ शून्य करून ॲडमिन निश्चिंत होतो आणि वाय-फायच्या इंटरफेसवर ती चालूच राहते. दोन्ही जागी शून्य हवं.

दुसरा खड्डा नावाचा. ‘सिक्युअर रीडायरेक्ट्स’ अशी एक सेटिंग आहे आणि ती मुळातच चालू असते. आधीपासून माहीत असलेल्या गेटवेकडेच वळायचं, असा तिचा अर्थ. वाचून धीर येतो. पण ‘शेअर्ड मीडिया’ ही दुसरी सेटिंगही मुळातच चालू असते आणि ती पहिलीवर मात करते. त्यामुळे ‘सिक्युअर’ हा शब्द बघून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

तुम्ही काय करायचं?

- फोन आणि लॅपटॉपचे अपडेट टाळू नका. असे निरोप ऐकायचे की नाही, हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते आणि तो निर्णय अपडेटमधूनच बदलतो. घरच्या राउटरचंही फर्मवेअर अपडेट होतं, ते वर्षानुवर्षं तसंच ठेवू नका.
- सार्वजनिक वाय-फायवर प्रमाणपत्राचा इशारा आला तर तिथेच थांबा. ‘तरीही पुढे जा’ दाबू नका.
- बँकेचं काम, यूपीआय, महत्त्वाचं लॉगिन यासाठी मोबाइल डेटा वापरा. कॅफेतल्या शेजाऱ्याचे निरोप तिथे पोचत नाहीत.
- सार्वजनिक वाय-फाय रोज वापरावंच लागत असेल तर भरवशाचं व्हीपीएन वापरा. पॅकेटची वाट वळवली तरी वळवणाऱ्याच्या हाती बंद डबाच लागतो.
- दुकान, क्लास किंवा होमस्टेमध्ये तुम्ही पाहुण्यांना वाय-फाय देत असाल, तर राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ आणि ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू करा. पाहुण्यांची यंत्रं एकमेकांशी थेट बोलू शकली नाहीत, तर असा हल्ला अवघड होतो.
- लिनक्स सर्व्हर सांभाळत असाल तर दोन्ही जागच्या सेटिंग आजच तपासा, आणि आयपीव्ही ६ साठीची वेगळी सेटिंगही विसरू नका.

जवळची वाट दाखवणारा हा निरोप ज्या काळात ठरला, तेव्हा एका नेटवर्कवरची माणसं एकमेकांच्या ओळखीची असत. आज एकाच वाय-फायवर पन्नास अनोळखी माणसं असतात. अशा ठिकाणी एक हेलपाटा जादा पडला तरी चालेल, पण वाट आपल्याच राउटरची असलेली बरी.